झोरो ठेवावा की एनेल घ्यावा?

वाचकाचे पत्र

नमस्कार. मी नाशिकला राहतो, वय २४, नोकरीचे दुसरे वर्ष आहे. सिंगापूरला राहणाऱ्या माझ्या ताईने ‘वन पीस’ या जपानी चित्रकथेवरच्या ‘वन पीस कार्ड गेम’चा लुफीचा लाल स्टार्टर डेक, म्हणजे नवख्यांसाठीचा तयार कार्डसंच, पाठवला आणि तेव्हापासून आम्ही सहा मित्र दर शनिवारी रात्री हा खेळ खेळतो. सुरुवातीचे काही महिने मजेत गेले, पण आता सगळ्यांचे डेक सुधारले आहेत आणि मी सतत हरतो आहे. मला लाल रंगाचा झोरो हा लीडर, म्हणजे डेकचे मुख्य कार्ड, मनापासून आवडतो. माझा डाव साधारण असा जातो: चौथ्या-पाचव्या टर्नपर्यंत मी समोरच्याला एका लाइफवर आणतो, मग माझ्या हातात काहीच उरत नाही आणि तो सावकाश डाव फिरवतो. एका मित्राच्या पिवळ्या एनेल या लीडरपुढे तर मी आजवर एकदाही जिंकलेलो नाही. मित्र म्हणतात, झोरो २०२२ चा आहे, जुना झाला, एनेल नाहीतर काताकुरी घे. मध्यंतरी इंटरनेटवरच्या याद्या बघून दोनदा डेक बदलला, निकाल तोच. पगारातून कार्डांसाठी फार पैसे काढता येत नाहीत, म्हणून एकदाच काय ते ठरवायचे आहे. आवडता लीडर ठेवावा की जिंकणारा घ्यावा? आणि जो ठेवीन त्याची व्यूहरचना कशी ठरवावी?

– एक वाचक, नाशिक

सल्ला

प्रिय वाचक,

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: झोरो ठेवा, निदान पुढचे तीन महिने तरी. तो तुम्हाला आवडतो हे त्याचे एक कारण आहेच आणि ते कमी महत्त्वाचे नाही, कारण जो लीडर आवडतो त्याच्याबरोबर माणूस हरलेल्या डावाचाही विचार करत बसतो. पण मोठे कारण तुमच्याच पत्रातल्या एका वाक्यात आहे. समोरच्याला तुम्ही चौथ्या-पाचव्या टर्नपर्यंत एका लाइफवर आणता, म्हणजे तुमचा लीडर त्याचे काम चोख करतो आहे. अडचण त्यानंतर सुरू होते, आणि ती लीडर बदलून सुटणारी नाही, हे दोनदा डेक बदलून तुम्ही स्वतःच पाहिले आहे.

हा खेळ न खेळणाऱ्या वाचकांसाठी थोडे सांगून पुढे जातो. प्रत्येक खेळाडूकडे एक लीडर, पन्नास कार्डांचा डेक आणि दहा डॉन कार्डे असतात. डॉन म्हणजे खर्चायचे चलन. त्याने कार्डे मैदानात उतरवता येतात, किंवा लीडरला अथवा एखाद्या कॅरेक्टरला (मैदानात उतरवलेल्या पात्राच्या कार्डाला) डॉन जोडून आपल्या टर्नपुरती त्याची ताकद प्रत्येकी १००० ने वाढवता येते. लीडरवर छापलेल्या लाइफच्या संख्येइतकी कार्डे सुरुवातीला पालथी ठेवली जातात, दर यशस्वी वाराला त्यातले एक कार्ड मालकाच्या हातात जाते, आणि लाइफ शून्यावर असताना आणखी एक वार लागला की डाव संपतो.

आता लीडरच्या निवडीकडे येऊ. पन्नासपैकी कोणते कार्ड कधी हाताला लागेल याची खात्री नसते; लीडर मात्र प्रत्येक डावात पहिल्या क्षणापासून समोर असतो. म्हणून त्याच्यावर छापलेला मजकूर हीच डावाची योजना समजून वाचावी. एडवर्ड न्यूगेट, म्हणजे व्हाइटबिअर्ड, याचा लाल लीडर घ्या. त्याची ताकद ६००० आणि लाइफ ६, दोन्ही नेहमीच्या ५००० आणि ५ पेक्षा जास्त, पण स्वतःच्या दर टर्नच्या शेवटी त्याचे एक लाइफ कार्ड आपोआप हातात येते. हा लीडर घेणाऱ्याने कार्डांचा भरपूर पुरवठा मिळवला आहे आणि त्याच्या बदल्यात स्वतःचे मरण जवळ ओढून घेतले आहे. त्याला लांबचा डाव परवडतच नाही. निळ्या नामीचे याच्या अगदी उलट आहे. इतर कोणाचा डेक संपला तर तो हरतो, नामीचा डेक संपला तर ती जिंकते, म्हणून तिचा खेळाडू समोरच्याला मारण्यापेक्षा स्वतःची पन्नास कार्डे संपेपर्यंत तगून राहण्याच्या मागे असतो. एकाच खेळातले हे दोन लीडर दोन वेगळ्या स्वभावांच्या माणसांसाठी आहेत, आणि त्यांच्यापैकी चांगला कोणता, या प्रश्नाला तुमचा स्वभाव ठाऊक असल्याशिवाय अर्थ नाही.

या नजरेने तुमच्या तीन लीडरांकडे पाहा. झोरोला एक डॉन जोडलेले असले की तुमच्या टर्नमध्ये तुमच्या सगळ्या कॅरेक्टरांची ताकद १००० ने वाढते. मैदानात तीन कॅरेक्टर असतील तर त्या एका डॉनमुळे लीडरचे १००० आणि कॅरेक्टरांचे ३००० मिळून ४००० ची भर पडते; दुसऱ्या कुठल्याही जागी तेच डॉन फक्त १००० देते. तेव्हा झोरोचा मजकूर सांगतो की लवकर आणि बरीच कॅरेक्टर उतरवा, सगळ्यांना घेऊन वार करा आणि डाव लांबू देऊ नका. काताकुरीला एक डॉन जोडून वार केला की तुमच्या किंवा समोरच्याच्या लाइफमधले वरचे कार्ड पाहून ते वर ठेवायचे की तळाशी सरकवायचे हे ठरवता येते, शिवाय त्या लढतीपुरती त्याची ताकद १००० ने वाढते. त्याला दर टर्नला लहान लहान निर्णय घेत डाव हळूहळू आपल्याकडे वळवणारा खेळाडू हवा असतो. एनेलचे लाइफ समोरच्याच्या टर्नमध्ये शून्य झाले की त्या टर्नमध्ये एकदाच डेकमधले वरचे कार्ड लाइफवर येते आणि त्याला हातातले एक कार्ड टाकावे लागते. हा सहन करणाऱ्याचा लीडर आहे. मार खाऊन, टिकून, मोठी कार्डे उतरवेपर्यंत वाट पाहणे ज्याला जमते त्याच्या हातात तो शोभतो.

तुमच्या पत्राचा सूर वाट पाहणाऱ्याचा वाटत नाही. माझा हा अंदाज चुकीचा असेल तर काय करावे हे शेवटी लिहिले आहे.

रंगांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण झोरो ठेवल्यावर तो प्रश्न निकालात निघतो. डेकमध्ये लीडरच्या रंगाचीच कार्डे चालतात. सहा रंगांपैकी लाल रंग वार करण्यात आणि समोरच्याची ताकद घटवण्यात पुढे असतो, पिवळा लाइफ आणि ट्रिगर (लाइफमधून निघताना फुकट वापरता येणारा कार्डाचा परिणाम) यांच्यात. दोन रंगांच्या लीडरला निवड मोठी मिळते, पण त्याचे लाइफ सहसा ४ असते आणि एकरंगी लीडरचे सहसा ५. तुमचे तिन्ही लीडर एकरंगी आणि ५ लाइफचे आहेत.

आता व्यूहरचना. डेक हातात घेण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर कागदावर लिहा: मला कितव्या टर्नला जिंकायचे आहे? हे उत्तर नसेल तर पन्नास कार्डे म्हणजे नुसती आवडीच्या कार्डांची पिशवी होते. डॉनचा हिशेब ठरलेला असतो: पहिल्यांदा खेळणाऱ्याकडे दर टर्नला १, ३, ५, ७, ९ आणि मग १०, तर दुसऱ्याकडे २, ४, ६, ८, १०. दहा डॉन हातात आल्यावर मोठी, महागडी कार्डे उतरू लागतात आणि तिथे झोरोसारख्या लीडरचे पारडे हलके होते. म्हणून झोरोचे उत्तर चौथा किंवा पाचवा टर्न हेच असले पाहिजे. तुम्ही त्या टर्नला समोरच्याला एका लाइफवर आणून थांबता. योजना अशी हवी की त्या टर्नला डाव संपेल.

त्यासाठी वाराचे गणित पक्के हवे, आणि इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण तुमचे बहुतेक डाव इथेच हातातून निसटत असावेत असे मला वाटते. वार करणाऱ्याची ताकद समोरच्याइतकी किंवा त्याहून जास्त असली की वार लागतो, म्हणजे बरोबरीत वार करणाराच जिंकतो. समोरचा लीडर ५००० चा असेल आणि तुमचा वारही ५००० चा असेल, तर त्याला १००० चे एक काउंटर, म्हणजे बचावाची ताकद वाढवणारे हातातले कार्ड, टाकून वाचता येते. ६००० च्या वाराला २००० लागतात. तेही २००० चे एकच कार्ड टाकून भागते. ७००० च्या वाराला मात्र ३००० हवेत, आणि कॅरेक्टर कार्डांवरचे काउंटर १००० किंवा २००० चेच असल्यामुळे त्याला किमान दोन कार्डे टाकावी लागतात. ८००० लाही दोन पुरतात, ९००० ला तीन लागतात. वाराची खरी किंमत अशी समोरच्याच्या हातातल्या कार्डांमध्ये मोजायची असते. ६००० चा वार ७००० वर नेणारे एक डॉन त्याच्याकडून एक जादा कार्ड वसूल करते. ७००० चा वार ८००० वर नेणारे डॉन सहसा काहीच वसूल करत नाही.

एक टर्न प्रत्यक्ष पाहू. तुम्ही दुसरे खेळत आहात, तुमचा तिसरा टर्न आहे, सहा डॉन आहेत. मैदानात आधीची दोन कॅरेक्टर आहेत, एक ५००० चे आणि एक ४००० चे. हातात तीन डॉनचा, ५००० ताकदीचा, रश असलेला झोरो (लीडर नव्हे, त्याच नावाचे कॅरेक्टर) आहे, जो उतरला त्याच टर्नला वार करू शकतो. तीन डॉन खर्चून त्याला उतरवा, एक डॉन लीडरला जोडा. आता लीडर ६०००, कॅरेक्टर ६००० आणि ५०००, नवा झोरो ६०००, आणि हातात दोन डॉन शिल्लक. पुष्कळ खेळाडू इथे दोन्ही डॉन लीडरला जोडून ८००० चा एक दणदणीत वार करतात. त्या वाटेने समोरच्याला सगळे वार अडवायला किमान पाच कार्डे लागतील: लीडरच्या वाराला दोन आणि बाकीच्या तिघांना प्रत्येकी एक. तेच दोन डॉन ६००० च्या दोन कॅरेक्टरांना एकेक करून जोडले, तर ७००० चे दोन वार तयार होतात आणि एकूण मागणी सहा कार्डांवर जाते. खर्च तोच राहतो, मागणी एका कार्डाने वाढते. चार-पाच कार्डे हातात धरून बसलेल्या माणसासाठी तो फरक फार मोठा असतो.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की हे दोन डॉन आधीच जोडून टाकायचे नाहीत. लीडरचे एक डॉन सुरुवातीलाच हवे, कारण त्यावर सगळ्यांची वाढ अवलंबून आहे. बाकीचे मात्र दोन वारांच्या मधेही जोडता येतात. पहिला वार करा आणि समोरचा काय करतो ते पाहा. त्याने काउंटर टाकले की लाइफ सोडले, ब्लॉकर (दुसऱ्यावरचा वार स्वतःवर घेणारे कॅरेक्टर) आडवा घातला की राखून ठेवला, हे पाहून पुढचे डॉन कुठे घालायचे ते ठरवा. त्याने पहिल्याच वाराला दोन कार्डे टाकली आणि त्याच्या हातात एकच उरले, तर आता ७००० चे वार सर्वांत मोलाचे आहेत. त्याने निमूटपणे लाइफ सोडले, तर त्याचा हात एका कार्डाने वाढला आहे आणि कदाचित या टर्नला थांबून एक डॉन बचावासाठी राखणे शहाणपणाचे ठरेल. लाल रंगात रॅडिकल बीम हे एका डॉनचे काउंटर कार्ड आहे. ते २००० देते, आणि तुमचे लाइफ दोन किंवा कमी असेल तर आणखी २०००. लीडरला जोडलेले डॉन समोरच्याच्या टर्नमध्ये ताकद देत नाही आणि वार करून आडवी झालेली तुमची कॅरेक्टर तेव्हा मूळ ताकदीवर उघडी पडतात, म्हणून झोरोच्या खेळाडूला हे राखलेले एक डॉन फार वेळा वाचवते.

लाइफ सोडण्याचा मुद्दा नीट लक्षात घ्या, कारण तुमच्या ‘मग माझ्या हातात काहीच उरत नाही’ या तक्रारीचे मूळ तिथे आहे. तुम्ही लावलेला प्रत्येक वार समोरच्याच्या हातात एक कार्ड ठेवतो. पहिल्या चार टर्नमध्ये तुम्ही त्याची चार लाइफ घेतली, म्हणजे चार कार्डे तुम्हीच त्याला दिली आणि तेवढ्या वेळात स्वतःचा हात रिकामा केला. आक्रमक लीडरचे हे दुखणे टाळता येत नाही, पण त्याची वेळ निवडता येते. माझे मत असे की पहिली दोन लाइफ लवकर घ्यावीत. तिसऱ्यापासून मात्र प्रत्येक वाराच्या आधी थांबून विचारावे: हा वार लीडरवर करू की त्याच्या एखाद्या आडव्या कॅरेक्टरवर? ते कॅरेक्टर बाद झाले तर त्याच्या हातात काही जात नाही आणि मैदानातून एक धोका कमी होतो. मग समोरचा दोन-तीन लाइफवर असताना, तुमची चार-पाच कॅरेक्टर उभी असताना आणि हातात रश असलेले एखादे कार्ड असताना, सगळे वार एका टर्नमध्ये लावावेत.

एनेलपुढे तर याशिवाय गत्यंतरच नाही, आणि तुम्ही त्याच्याविरुद्ध एकदाही का जिंकला नाहीत हे त्याच्या मजकुरावरून जवळपास स्पष्ट होते. समजा तुम्ही त्याला एका लाइफवर आणले. पुढच्या टर्नला तुमचा एकच वार लागला, तर त्याचे लाइफ शून्य होऊन लगेच पुन्हा एक होते. तुमच्या त्यानंतरच्या टर्नला पुन्हा तेच. असे तुम्ही दर टर्नला जोर लावता आणि तो दर टर्नला एकावर परत येतो. दोन वार लागले तर तो शून्यावर राहतो हे खरे, पण पिवळ्या रंगात लाइफ पुन्हा भरणारी कार्डे असतात, तेव्हा पुढच्या टर्नवर भिस्त ठेवू नये. एका लाइफवरच्या एनेलला त्याच टर्नमध्ये संपवायला तीन यशस्वी वार लागतात: पहिल्याने शून्य होऊन एक परत येते, दुसऱ्याने ते जाते आणि तिसऱ्याने डाव संपतो. दोन लाइफवर असेल तर चार. म्हणून एनेलला एक-दोन लाइफवर आणल्यावर हात आवरा. त्या टर्नला कॅरेक्टर जमवा, त्याची आडवी कॅरेक्टर बाद करा, काउंटर साठवा, आणि चार-पाच वारांची तयारी झाल्यावरच लीडरकडे वळा. त्याच्या खेळाडूला तुम्ही दर टर्नला एक वार करण्याची सवय झालेली आहे. तुम्ही थांबल्यावर त्याला कार्डे उगीच राखून ठेवावी लागतील आणि त्याचाही हिशेब बदलेल.

आता पन्नास कार्डांकडे वळू. तुमच्या डेकची यादी तुम्ही पाठवलेली नाही, पण स्टार्टर डेकवर हळूहळू रचलेल्या डेकमध्ये एकेका, दोन-दोन प्रतींची कार्डे फार असतात असा अनुभव आहे. एका क्रमांकाच्या कार्डाच्या जास्तीत जास्त चार प्रती ठेवता येतात, आणि ज्याच्यावर योजना उभी आहे त्याच्या चारच ठेवाव्यात. सुरुवातीला पाच कार्डे मिळतात आणि ती न आवडल्यास एकदाच सगळी बदलून घेता येतात. दोन प्रतींचे कार्ड पहिल्या पाचात येण्याची शक्यता सुमारे १९ टक्के आहे, चार प्रतींची सुमारे ३५ टक्के. ते कार्ड न आल्यास हात बदलायचाच असे ठरवले, तर चार प्रतींची शक्यता सुमारे ५८ टक्क्यांवर जाते. एकच काम करणारी दोन वेगवेगळी कार्डे चार-चार ठेवली, म्हणजे आठ झाली, तर पहिल्याच हातात सुमारे ६० टक्के आणि बदलीसह सुमारे ८४ टक्के. तेव्हा कार्डांची नावे मोजण्यापेक्षा कामे मोजा. पहिल्या दोन टर्नला उतरणारे स्वस्त कॅरेक्टर हे एक काम, आणि त्यासाठी आठ ते बारा कार्डे हवीतच.

त्यात एका डॉनची लाल नामी (निळी लीडर नव्हे, त्याच नावाचे कॅरेक्टर) चारही प्रतींत ठेवा. ती उतरली की डेकमधली वरची पाच कार्डे पाहून तिच्याखेरीज स्ट्रॉ हॅट या लुफीच्या गटाचे एक कार्ड हातात घेता येते, म्हणजे रश असलेला झोरो किंवा लुफी तिच्यामार्फत शोधता येतो. ती शोधू शकेल अशी कार्डे डेकमध्ये पुरेशी हवीत हेही पाहा. ओतामा उपयुक्त आहे, पण ती त्या गटाची नसल्यामुळे नामीच्या हाती लागत नाही. ओतामाचे मोल वेगळे आहे: एका डॉनमध्ये समोरच्या एका कॅरेक्टरची ताकद त्या टर्नपुरती २००० ने घटवते, आणि उतरवायची नसेल तेव्हा २००० चे काउंटर म्हणून हातात राहते. अशी दुहेरी कामाची कार्डे लाल डेकचा कणा असतात.

काउंटरची मोजणी तर आजच करा. पन्नासही कार्डे टेबलावर मांडा आणि तीन ढीग करा: २००० चे काउंटर असलेली, १००० ची आणि काउंटर नसलेली. रश असलेल्या त्या तीन डॉनच्या झोरोवर काउंटर नाही. वार करणारी कार्डे पुष्कळदा अशीच असतात, आणि मोहाने ती जमवत गेले की हातात पाच कार्डे असूनही बचावाला एकही नसते. माझ्या मते तुमच्या डेकमध्ये काउंटर नसलेली कॅरेक्टर दहाच्या वर नसावीत आणि २००० ची किमान दहा-बारा असावीत. हा नियम नाही, एक सुरुवात आहे. खेळताना कुठल्या बाजूला कमी पडते ते कळेल.

स्टार्टर डेकमधला पाच डॉनचा, ६००० ताकदीचा रश असलेला लुफी काढून टाकला असेल तर परत घ्या. त्याला दोन डॉन जोडून वार केला की त्या लढतीत समोरच्याला ब्लॉकर वापरता येत नाही. डाव संपवणाऱ्या टर्नला, विशेषतः मागे दडून बसलेल्या लीडरविरुद्ध, त्याच्यासारखे दुसरे स्वस्त कार्ड मिळणे कठीण आहे.

पैशांबद्दल स्पष्ट लिहितो. बूस्टर पाकिटे (आत कोणती कार्डे निघतील हे आधी न कळणारी) विकत घेऊन डेक पुरा करण्याच्या फंदात पडू नका. हवी ती कार्डे सुटी घ्या. एकाच क्रमांकाची विशेष चित्राची प्रत कितीही महाग असली तरी खेळात ती साध्या प्रतीइतकीच असते. एखादे महाग कार्ड खरोखर लागते का हे ठरवायला शनिवारच्या घरच्या डावांत कागदाची चिठ्ठी लावून खेळून पाहा, मित्रांची हरकत नसावी. अधिकृत स्पर्धेत अर्थात अस्सल कार्डच लागते. आणि काहीही घेण्याआधी कंपनीच्या संकेतस्थळावर बंदी असलेल्या आणि मर्यादित कार्डांची चालू यादी पाहा, कारण ती वेळोवेळी बदलते आणि जुन्या याद्यांमधली काही कार्डे आज चालत नाहीत. इंटरनेटवरचा डेक उतरवून घेताना ही एक अडचण असते. दुसरी अशी की ती यादी एखाद्या मोठ्या स्पर्धेतल्या प्रतिस्पर्ध्यांसाठी बांधलेली असते, आणि तुमच्या टेबलावर फक्त पाच ठरलेले लोक बसतात. त्यांच्यातला एक एनेल खेळतो हे तुम्हाला आधीच ठाऊक आहे. एवढी माहिती कुठल्याही यादीकाराकडे नव्हती, ती वापरा.

पहिले खेळावे की दुसरे, हे निवडण्याची संधी मिळाली तर झोरोसाठी माझा कल दुसऱ्याकडे आहे, जरी यावर जाणत्या खेळाडूंमध्ये दुमत आहे. पहिल्या टर्नला कोणालाच वार करता येत नाही. पहिल्या खेळाडूला दुसऱ्या टर्नला तीन डॉन मिळतात. त्यात रश असलेला झोरो उतरतो, पण लीडरला जोडायला काही उरत नाही, म्हणजे ५००० चे दोन वार. दुसऱ्या खेळाडूकडे त्या टर्नला चार डॉन असतात. झोरो उतरवून उरलेले एक लीडरला जोडले की ६००० चे दोन वार होतात. शिवाय पहिल्या खेळाडूला पहिल्या टर्नला कार्ड ओढता येत नाही. तुमचा हात लवकर रिकामा होतो, तेव्हा ते एक कार्डही तुमच्या कामाचे आहे.

शनिवारी खेळताना एक वही जवळ ठेवा. डाव संपल्यावर दोनच गोष्टी लिहा: समोरच्याचे शेवटचे लाइफ गेले तेव्हा त्याच्या हातात किती कार्डे होती, आणि शेवटच्या टर्नला तुमचे किती वार झाले. तेवढ्यावरून कळेल की तुम्ही घाई करता, की उशीर. या काळात लीडर बदलू नका आणि एका आठवड्यात चारपेक्षा जास्त कार्डेही बदलू नका, नाहीतर सुधारणा कशामुळे झाली हे समजायला मार्ग राहत नाही.

आणि तीन महिन्यांनी असे लक्षात आले की हात आवरून थांबण्याचे जे टर्न मी सुचवले तेच तुम्हाला सर्वांत जास्त रमवतात, समोरच्याची कार्डे मोजत बसणे वार करण्यापेक्षा आवडू लागले आहे, तर तुम्ही मनाने पिवळ्या रंगाचे खेळाडू आहात. मग काताकुरी जरूर घ्या. एनेलपेक्षा तो तुम्हाला जवळचा वाटेल, कारण त्याचा लीडर दर टर्नला स्वतः वार करतो आणि झोरोबरोबर तुमच्या हाताला लागलेले वाराचे गणित तिथेही कामी येते. त्या वेळी लाल कार्डांतली महागडी कार्डे ज्याला हवी असतील त्या मित्राला द्या, पण नामी, ओतामा, रॅडिकल बीम आणि तो रशवाला झोरो या चौघांच्या चार-चार प्रती स्वतःकडे ठेवा. लाल लीडरकडे परत यावेसे वाटले तर पहिली सोळा कार्डे घरातच असतील.